सर्दीनंतर बाळाचा कान दुखतोय: अँटिबायोटिक लगेच, की दोन-तीन दिवस थांबून?

तीन-चार दिवस नाक वाहतंय, आता बरं वाटायला लागलं असं म्हणावं, तर मूल रात्री कळवळून उठतं. खांद्यावर घेतलं की जरा शांत, आडवं केलं की पुन्हा रडारड. डॉक्टर कानात बघून मधल्या कानाचं इन्फेक्शन झालंय म्हणतात. इथून दोन वाटा फुटतात: अँटिबायोटिक आजच सुरू करायचं, नाहीतर फक्त दुखणं कमी करणारं औषध देऊन ४८ ते ७२ तास वाट बघायची. दोन्ही वाटा वैद्यकशास्त्राला मान्य आहेत, मात्र प्रत्येक मुलाला दोन्ही खुल्या नसतात.

सर्दी कानापर्यंत पोचते कशी, ते आधी बघू. नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत, म्हणजे कानाच्या पडद्यामागच्या हवेच्या पोकळीपर्यंत, युस्टेशियन नलिका जाते. मधल्या कानात हवा खेळती ठेवणं आणि तिथला स्राव घशाकडे उतरवणं हे तिचं काम. मोठ्यांमध्ये ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब आणि चांगली उतरती असते. तान्ह्या बाळात जवळपास निम्मी, अरुंद आणि बरीचशी आडवी. सर्दीच्या विषाणूने नाकाचं अस्तर सुजलं की नळीचंही सुजतं. वाट बंद होते, आत अडकलेली हवा शोषली जाते, कानाचा पडदा आत ओढला जातो आणि पोकळीत पाणी साचतं. नाकाच्या मागे एरवी निमूट राहणारे न्यूमोकोकस, हिमोफिलस, मोरॅक्सेला हे जिवाणू त्या पाण्यात वाढतात. पू होतो, आणि आत गेलेला पडदा आता बाहेर फुगतो. हे सगळं व्हायला वेळ लागतो, म्हणून कान बहुधा सर्दी सुरू झाल्यावर काही दिवसांनी दुखतो. सहा महिने ते दोन वर्षं या वयात याचं प्रमाण सगळ्यात जास्त.

थांबण्याच्या बाजूचा मुख्य मुद्दा यातच आहे. नळीची सूज विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. सूज ओसरून नळी उघडली की बहुतेक मुलांचं शरीर उरलेल्या जिवाणूंचा बंदोबस्त स्वतःच करतं. कोक्रेन ही संस्था एकेका उपचारावरचे अभ्यास एकत्र तपासते. तिच्या आढाव्यात, अँटिबायोटिक घेतलेलं असो वा नसो, सुमारे ६० टक्के मुलांचं दुखणं २४ तासांत थांबलेलं दिसतं. पुढच्या काही दिवसांत एका मुलाचं दुखणं टाळायला साधारण २० मुलांना औषध द्यावं लागतं. आणि औषध दिलेल्या दर १४ मुलांमागे एकाला जुलाब, उलट्या किंवा पुरळ येतं. हा सौदा मला तरी फारसा फायद्याचा वाटत नाही.

पण हा झाला सगळ्या मुलांचा मिळून हिशोब. दोन वर्षांखालचं बाळ आणि दोन्ही कानांत इन्फेक्शन असेल, तर एका बाळाचा त्रास लांबू नये म्हणून चारच बाळांना औषध द्यावं लागतं. कान वाहत असेल तर तीनच. इथे औषधाचं पारडं सरळ जड होतं. शिवाय पडदा फुटण्याचं आणि दुसऱ्या कानालाही लागण होण्याचं प्रमाण अँटिबायोटिकने काहीसं घटतं.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनाही याच धर्तीवर आहेत. सहा महिन्यांखालच्या बाळांना त्या लागू नाहीत, त्यांना सहसा अँटिबायोटिक लगेचच देतात. त्यावरच्या मुलांत ३९ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप, मध्यम किंवा जोराचं दुखणं, ४८ तास किंवा जास्त चाललेलं दुखणं, वाहणारा कान, दोन वर्षांखाली दोन्ही कान: यांपैकी काहीही असेल तर अँटिबायोटिक लगेच. एकच कान, सौम्य त्रास, वय सहा महिन्यांच्या वर, किंवा दोन वर्षांवरचं मूल आणि दोन्ही कानांना सौम्य त्रास, तर थांबता येतं.

थांबायचं म्हणजे मुलाला दुखणं सोसायला लावायचं असं नाही. पॅरासिटामॉल वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, पहिल्या रात्रीपासूनच द्यायचं. अँटिबायोटिक सुरू केलं तरीही, कारण पहिल्या दिवसात दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. सर्दीची, नाक सुकवणारी औषधं कानाचं इन्फेक्शन लवकर बरं करत नाहीत. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कानात थेंब, तेल काहीही घालू नका. पडदा फुटलेला असू शकतो. (उशीवर पिवळा डाग आणि मूल अचानक शांत, ही पडदा फुटल्याची नेहमीची खूण. आतला दाब सुटतो म्हणून दुखणं थांबतं. पडदा बहुधा आपला आपण भरून येतो, पण कान दाखवून घ्यायचाच.)

दोन्हींच्या मधली एक सोयही आहे आणि माझा कल तिच्याकडे आहे: डॉक्टरांकडून चिठ्ठी आजच घ्या, औषध ४८ ते ७२ तासांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच सुरू करा. मात्र पुन्हा तपासणी सहज होऊ शकत नसेल, प्रवास तोंडावर असेल, किंवा मुलाकडे सतत लक्ष ठेवणारं कुणी नसेल, तर थांबण्याच्या भानगडीत न पडलेलं बरं. आणि कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, मान ताठ झाली, चेहरा एका बाजूला वाकडा झाला किंवा मूल गुंगीत गेलं, तर दोन दिवस मोजत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

कुठलीही वाट धरली तरी दुखणं थांबल्यावर मधल्या कानात पाणी काही आठवडे राहू शकतं. त्यामुळे हाक मारल्यावर मूल लक्ष देत नाही असं वाटू शकतं. बहुतेकांचं ते तीन महिन्यांत ओसरतं. त्यानंतरही राहिलं तर ऐकण्याची तपासणी करून घ्यावी लागते.