घोड्याला महागडा टर्नआऊट रग (बाहेर मोकळं सोडताना अंगावर बांधायचं पांघरूण) की आपली सोलापुरी चादर?
भारीवाल्या रगवर १२०० डिनिअर लिहिलेलं असतं, म्हणजे बाहेरच्या कापडाचा धागा जाड, कुंपणाला घासलं तरी ६०० वाल्यापेक्षा सहसा जास्त टिकतं, वॉटरप्रूफ असून घामाची वाफ बाहेर जाते, पैसे त्याचेच. पण ते युरोपातल्या ओल्या थंडीसाठी हो, सोलापुरात डिसेंबरातला पहाटेचा गारठा कोरडा, तेवढा तर धडधाकट घोडा स्वतःच्या केसांवरच काढतो. तबेल्यात सुती चादर पट्टा बांधून टाकली तरी भागतं (मोकळी सोडू नका, पायात अडकते), फक्त भिजली की लगेच काढा, ओलं सूत उलट गारठवतं. म्हातारा, हडकलेला किंवा केस कातरलेला घोडा पावसात बाहेर उभा राहणार असेल तरच भारी रग घ्या, नाहीतर तेवढ्यात कितीतरी कडबा येतो.