मांड्या भरल्यावर चालवायची रिकम्बंट सायकल: सगळा प्रश्न पहिल्या लेव्हलचा

पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली ही रिकम्बंट सायकल (पाठ टेकून, पाय पुढे करून चालवायची घरातली व्यायामाची सायकल) आता उन्हाळा लागेपर्यंत वापरून झाली आहे. डावं पेडल खुळखुळायला लागलं, सर्व्हिसवाल्यांशी वाजलं, म्हणून हे लिहितोय. पण पेडलचं नंतर. या यंत्राचा खरा दोष वेगळा आहे आणि जाहिरातीत किंवा तुलनेच्या व्हिडिओत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. तो दोष म्हणजे पहिली लेव्हल, म्हणजे पेडलला सगळ्यात कमी जोर लागायला हवा ती.

स्पेसिफिकेशन पुन्हा लिहीत नाही. हाताने फिरवायचा आठ आकड्यांचा नॉब, मॅग्नेटिक ब्रेक, पट्ट्यावर फिरणारं चाक, पाठीला टेकू. या किमतीत सगळ्यांकडे तेच मिळतं. विकणारे कायम वरच्या टोकाचं बोलतात: चाक किती जड, आठवी लेव्हल किती कडक, किती किलोचा माणूस बसेल. आणि आपण रिकम्बंट घेतो कशासाठी? पाय दुखत असताना दम लागेल असं काहीतरी करता यावं म्हणून. आदल्या दिवशी सिंहगड उतरलेला असतो, किंवा साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून तोच परत उतरलेला असतो, नाहीतर स्क्वॉट झालेले असतात. अशा माणसाला आठवी लेव्हल लागतच नाही. त्याला पहिली लागते आणि ती हलकी लागते.

चढापेक्षा उतार पाय जास्त धरतो, हे गड चढणाऱ्यांना सांगायला नको. उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं वजन रोखून धरतो. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते आणि १२ ते २४ तासांनी दुखायला लागतं. २४ ते ७२ तासांच्या दरम्यान दुखणं सगळ्यात जास्त असतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं जिममध्ये अजून सांगतात, ते चूक आहे. ते व्यायाम थांबल्यावर साधारण तासाभरात निघून जातं. सायकलीवर स्नायू आखडताना जोर लावतो, लांबताना वजन रोखायची वेळ जवळजवळ येत नाही. शिवाय पाऊल जमिनीवर आपटत नाही. म्हणून दुखऱ्या मांड्यांना सायकल चालते आणि धावणं चालत नाही.

यात स्पिन बाईक मात्र धरू नका. तिचं जड चाक पेडलला थेट जोडलेलं असतं. तुम्ही थांबलात तरी चाक पाय ओढत राहतं आणि त्याला पायाने आवरायला गेलात की मांडी पुन्हा तेच उतरणीचं काम करते. माझ्या रिकम्बंटमध्ये फ्रीव्हील आहे, पाय थांबले की पेडल थांबतं. दुकानात हे एवढं तपासलंत तरी पुष्कळ.

आता मूळ तक्रार. माझ्या सायकलीची पहिली लेव्हल सुरुवातीला चांगलीच जड होती. ताज्या पायांना कळत नाही, भरलेल्या मांड्यांना पहिल्याच फेऱ्यात कळतं. सर्व्हिसला फोन केला तर उत्तर ठरलेलं: ‘सर, लेव्हल वन अशीच असते.’ मग एक तंत्रज्ञ येऊन गेला आणि डिस्प्ले बदलून गेला. हाताने फिरवायच्या नॉबचा डिस्प्लेशी संबंधच नाही! डिस्प्ले फक्त फेरे मोजतो. नॉब एक केबल ओढतो, केबल लोहचुंबकाची कमान ओढते, कमान चाकाच्या जवळ गेली की ब्रेक वाढतो. चुंबक चाकाला टेकत नाही, घासत नाही. मधल्या फटीवर सगळं अवलंबून.

तपासायचं असं. नॉब एकवर ठेवा, पेडल हाताने जोरात फिरवून सोडून द्या आणि कव्हरला कान लावा. आतलं चाक बराच वेळ घरंगळत हळूहळू थांबलं तर ठीक. एक-दोन सेकंदांत गप्प झालं तर चुंबक फार जवळ आहे किंवा पट्टा नको इतका ताणलेला आहे. माझ्याकडे चुंबकच जवळ होता. केबलच्या बाहेरच्या नळीचं टोक जिथे पट्टीत बसतं, तिथे आटे असलेला तुकडा आणि त्यावर दोन नट असतात. जोडणी करणाऱ्याने ते इतके बाहेर आणून ठेवले होते की एकवर असतानाही आतली तार ताणलेलीच. उजव्या बाजूचं कव्हर काढलं, एक नट ढिला केला, दुसरा थोडा फिरवून तार सैल केली, पुन्हा दोन्ही एकमेकांवर आवळले. एका वेळी अर्धाच फेरा फिरवायचा आणि नॉब एक ते आठ नेऊन बघायचं. तार फार सैल झाली तर पहिल्या तीन लेव्हलमध्ये काहीच फरक जाणवत नाही. काही मॉडेलमध्ये रचना उलटी असते, तार सैल केली की चुंबक जवळ येतो. म्हणून आधी कव्हर उघडं ठेवून नॉब फिरवा आणि कमान कुठे सरकते ते बघा. पाना फिरवण्यापूर्वी नटाच्या मूळ जागेवर मार्करने रेघ मारा. वॉरंटीत असाल तर तंत्रज्ञाकडून समोर उभं राहून हे करून घ्या, कारण कव्हर स्वतः उघडलं की पुढच्या तक्रारीला ते निमित्त सापडतं.

इथपर्यंत मी या सायकलीला पाचपैकी दोन देत होतो. त्या एका नटानंतर मत बदललं, आता चार. आणि म्हणूनच राग जास्त येतो: पाच मिनिटांचं काम, आणि त्यासाठी चांगला डिस्प्ले काढून दुसरा बसवला.

लेव्हल हलकी झाली तरी वेगाकडे लक्ष द्या. मॅग्नेटिक ब्रेक वेगाबरोबर वाढतो. त्याच लेव्हलवर मिनिटाला ५० फेरे आणि ८० फेरे यांत पायाला मोठा फरक पडतो. भरलेल्या पायांनी पहिली पाच-सात मिनिटं एक नंबरवर ५० ते ६० फेरे. दुखणं कमी होत गेलं तर ७० पर्यंत जा, वाटलं तर दोन नंबर, आणि दहा-पंधरा मिनिटं तिथेच राहा. शेवटची तीन-चार मिनिटं पुन्हा हळू. न थांबता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. सात मिनिटांनीही दुखणं वाढतच असेल तर उतरा, त्या दिवशी यंत्र बंद. पाय मोकळे वाटतात ते काही तासांपुरतं. आतली इजा यामुळे लवकर भरून येते असं समजून दुसऱ्याच दिवशी पुन्हा गड गाठू नका.

सीट मागे-पुढे लावताना टाच पेडलवर ठेवा. पेडल सगळ्यात लांब असताना गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने पेडल मारताना त्यात थोडा वाक राहतो. सीट जवळ राहिली तर गुडघा जास्त दुमडतो आणि वाटीच्या मागे दुखायला लागतं. लांब गेली तर कंबर डावी-उजवी सरकते.

रिकम्बंटची एक अडचण कोणीच सांगत नाही: सीट बुटकी असते. मांड्या भरलेल्या असताना खाली बसणं हेच सगळ्यात त्रासाचं, कारण बसताना मांडी लांबत वजन धरते. बाजूने या, दोन्ही हात सीटजवळच्या दांड्यांवर टाका, वजन हातांवर घेत टेका आणि मग पाय आत घ्या. तरीही उभ्या सायकलीवर टांग टाकण्यापेक्षा हे सोपं. ज्येष्ठांसाठी घेत असाल तर दुकानात बसून आणि उठून बघायला लावा. चालवून नंतर बघू द्या.

डिस्प्लेवरच्या कॅलरी सोडून द्या. नॉब कुठल्या आकड्यावर आहे हे त्याला माहीतच नसतं, त्यामुळे एकवर आणि आठवर तेवढ्याच फेऱ्यांना तो तेवढ्याच कॅलरी दाखवतो. वेळ आणि फेरे मात्र बरोबर असतात.

एवढे पैसे घालण्याआधी दुसरे पर्यायही बघा. जवळ पालिकेचा तलाव असेल तर मी आधी तोच सांगेन. कमरेएवढ्या पाण्यात पायांवर जवळपास निम्मंच वजन येतं, छातीएवढ्या पाण्यात त्याहून बरंच कमी. नुसतं पुढे-मागे चालणंही दम लावतं. पोहता येत असेल तर मांड्यांमध्ये पुल बॉय (तरंगणारा फोमचा ठोकळा) धरा आणि फक्त हातांनी फ्रीस्टाइल करा; पाय तरंगत राहतात. ब्रेस्टस्ट्रोक टाळा, त्याची लाथ मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्याला ताण देते. रोइंग मशीन हातांचं वाटतं, पण त्यात जोराचा मोठा वाटा पायांचाच, आणि परत येताना गुडघे पूर्ण दुमडतात. पायांना विश्रांती म्हणून ते निवडू नका. क्रॉस ट्रेनरवर (उभं राहून चालल्यासारखे पाय फिरवायचं यंत्र) आपटणं नसतं, पण शरीराचं वजन पायांवरच असतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी चालेल. सपाट रस्त्यावर चालणं फुकट आहे, फक्त जिने आणि उतार नको. टेबलावर ठेवून हातांनी फिरवायचं छोटं पेडलयंत्र सगळ्यात स्वस्त. खाली रबरी चटई घाला, नाहीतर ते सरकत जातं. त्यातला स्क्रूने आवळायचा ब्रेक घासून चालतो आणि गरम होतो, लगेच हात लावू नका. हातांनी तेवढंच काम केलं तरी पायांपेक्षा नाडी जास्त वाढते आणि रक्तदाबही जास्त चढतो. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच हे करावं.

काही दुखण्यांवर यातलं काहीच करायचं नाही. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल. नडगीवर बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखत असेल. किंवा मोठ्या व्यायामानंतर स्नायू सुजून लघवी चहा किंवा कोलासारखी गडद झाली असेल, तर तडक डॉक्टरांकडे जा. शेवटच्या लक्षणात किडनीला धोका असतो, त्यात वाट बघत बसू नये.

आता पेडल. पायाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच टक्‌ वाजत असेल तर दोष पेडलमध्ये किंवा क्रँकमध्ये, म्हणजे पेडल ज्यात बसतं त्या दांड्यात. पायापेक्षा जलद तालात वाजत असेल तर आतल्या चाकाकडे किंवा पट्ट्याकडे बघा. माझं पहिल्या प्रकारचं. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, घट्ट करायला घड्याळाच्या काट्यांच्या विरुद्ध फिरवावं लागतं. जोडणाऱ्याने ग्रीस न लावता, हाताने फिरवून, पान्याचा शेवटचा जोर न देता ते सोडून दिलं होतं. ढिलं पेडल तसंच चालवलं की पेडलचे कडक आटे क्रँकचे आटे खाऊन टाकतात. सर्व्हिसचं म्हणणं, हे ‘वापराने झिजलं’, वॉरंटीत नाही, पूर्ण क्रँकसेट घ्या. झिजलं ते एकट्या डाव्या दांड्याचं भोक! पूर्ण सेटचे पैसे देण्याचं कारण नाही. क्रँकचा आस चौकोनी टोकाचा असेल तर सायकलच्या दुकानात पुलर (दांडा ओढून काढायचं हत्यार) लावून फक्त डावा दांडा बदलून मिळतो, मी तोच बदलून घेतला. लांबी उजव्याएवढीच हवी, जुना दांडा सोबत न्या. नवीन सायकल आली की १५ नंबरच्या पान्याने दोन्ही पेडल स्वतः आवळा, आठवड्याभराने पुन्हा, मग महिन्यातून एकदा.

पेडल वेगळं मागवणार असाल तर आधी आट्यांचा व्यास मोजा. घरगुती सायकलींमध्ये दोन मापं चालतात: अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर आणि नऊ-सोळांश इंच म्हणजे साधारण १४.३ मिलिमीटर. साध्या पट्टीनेही फरक कळतो, आणि चुकीचं माप बसवायला गेलात तर नवा दांडाही वाया जातो.