डबल बाससाठी अँप: मोठा, छोटा की नुसता प्रीअँप?

डबल बास, म्हणजे उभं धरून वाजवायचं व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य, घरी आला की वर्षभरात एक प्रश्न हमखास येतो: "किती वॅटचा अँप घेऊ?" दुकानदारही आधी तोच आकडा सांगतो. माझ्या यादीत तो आकडा बराच खाली आहे. वॅट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबलने, म्हणजे लक्ष देऊन ऐकलं तर कळेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. ७५ घ्यावा की १५० यावर झोप उडवण्यात अर्थ नाही.

झोप उडवायचीच तर इनपुटवर उडवा. आपल्या बासवर बहुतेक वेळा पिएझो पिकअप, म्हणजे लाकडाची थरथर विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा छोटा तुकडा, असतो. कुणाचा घोडीच्या पंखांच्या फटीत बसतो (अंडरवुड), कुणाचा घोडीच्या पायाखाली (रिअलिस्ट), कुणाचा घोडी वर-खाली करायच्या चाकातच असतो (फिशमन फुल सर्कल). बसवा कुठेही, त्याला पुढच्या यंत्राचा इनपुट इम्पीडन्स, म्हणजे आत येणाऱ्या सिग्नलला होणारा विरोध, खूप जास्त लागतो. समजा पिकअपचा कपॅसिटन्स २ नॅनोफॅरड आहे. १० मेगओमच्या इनपुटला तो खाली ८ हर्ट्झपर्यंतचा सूर देतो. १ मेगओमला ८० हर्ट्झच्या खाली उतरण सुरू होते. मिक्सरच्या ५० किलोओमच्या लाइन इनपुटला जोडलात तर हीच उतरण १६०० हर्ट्झपासून सुरू होते! आपली सर्वांत खालची ई तार ४१ हर्ट्झची आणि सर्वांत वरची जी ९८ ची. मग बास नाकातून बोलतो आणि आपण अँपला शिव्या देतो.

दुसरी गोष्ट फीडबॅक. बास गिटार म्हणजे भरीव लाकूड. डबल बास म्हणजे माणसाएवढी पोकळ पेटी. अँपचा आवाज तिच्या पाटावर आदळतो, पाट हलतो, पिकअप ते हलणं पुन्हा अँपकडे पाठवतो. पेटीतली हवा साधारण ६० ते ७० हर्ट्झला घुमते आणि लाकूड १०० च्या आसपास. म्हणून मोकळी जी आणि तिच्या शेजारचा ए हेच सूर आधी बेफाम होतात. अँपवर फेज, म्हणजे लहरीची वर-खाली होण्याची दिशा, उलटवायचं बटण आणि खालचे सूर कापणारा हाय-पास फिल्टर असेल तर निम्मं काम झालं. ९८ हर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेतीन मीटर, म्हणजे अँप पावणेदोन मीटर मागे सरकवला तर फेज आपोआप उलटते. मंचावर तेवढी जागा कोण देतो? म्हणून बटण हवं.

आता पर्याय.

पहिला, जुना गॅलियन-क्रूगर एमबी१५०. धातूचा छोटा डबा, आत १२ इंची स्पीकर. कित्येक जॅझवाल्यांनी वर्षानुवर्षं हाच वापरला. आवाज मधल्या पट्टीत स्वच्छ, बोटाचा ठेका लगेच ऐकू येतो. पण त्याचा जन्म बास गिटारच्या जमान्यातला आहे. पिएझोसाठी पुढे वेगळा प्रीअँप, म्हणजे अँपच्या आधी सिग्नल नीट करून देणारी छोटी पेटी, लावाच. परदेशातल्या नातेवाइकांकडून जुना मागवणार असाल तर मागची व्होल्टेजची पट्टी फोटोत बघून घ्या. अमेरिकेतला १२० व्होल्टचा अँप आपल्या २३० वर सरळ लावलात तर पहिल्याच दिवशी धूर. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो उचलून नेणं म्हणजे दुसरा अँप नेण्यासारखंच.

दुसरा, फिल जोन्सचा डबल फोर. ४ इंचाचे दोन स्पीकर. पहिल्यांदा बघताना हसू येतं: यातून खर्ज कसा येणार? येतो, आणि का येतो ते गमतीचं आहे. डबल बासची स्वतःची पेटीसुद्धा ४१ हर्ट्झचा मूळ सूर फार क्षीण बाहेर टाकते, कारण तो हवेच्या घुमण्याच्याही खाली पडतो. आपण ऐकतो ते त्यावरचे ८२, १२३ हे स्वरांश, आणि तळाचा सूर कान स्वतः भरून घेतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतही कान स्वरांशांवरच रमतो. म्हणून छोटा स्पीकर डबल बासला शोभतो, उलट बास गिटारला जरा तोकडा वाटतो. छोट्या खोलीत, सॅक्सोफोन आणि ब्रशने वाजवणारा ड्रमर असेल तर डबल फोर पुरतो. ड्रमरने काठ्या उचलल्या की संपलं. लोकलच्या लगेजच्या डब्यातून बास नेणाऱ्याला दुसऱ्या हातात झेपेल असा अँप याहून मोठा नसावा, हे मात्र मी अनुभवाने सांगतो.

तिसरा, अकूस्टिक इमेजचा काँट्रा. मुख्य १० इंची स्पीकर जमिनीकडे तोंड करून, मधल्या आणि वरच्या सुरांचा समोर. आवाज खोलीभर सारखा पसरतो, मंचावरचे बाकीचे वैतागत नाहीत. खालचे सूर कुठून कापायचे ते ठरवता येणारा फिल्टर त्यात आहे, आणि माझ्या दृष्टीने काँट्राची खरी किंमत तीच. खोट आहे ती जमिनीची. सिमेंटवर तो राजा. फळ्या ठोकून केलेल्या पोकळ मंचावर स्पीकर खाली बघतो आणि त्याच मंचाची थरथर तुमच्या बासच्या टोकाच्या दांड्यातून वर येते. गोव्यात समुद्राकाठच्या एका मंचावर मी हा धडा घेतला, तोही काँट्रावर नव्हे तर भाड्याने आलेल्या १५ इंची जड अँपवर. दुसऱ्याच गाण्यात मोकळी जी सुटली, ती मी तार दाबून धरली तरी थांबेना. समोरच्या टेबलावरच्या काकांनी टाळी वाजवली, त्यांना तो सोलो वाटला. त्यानंतर दांड्याखाली जाड रबराचा तुकडा आणि अँपखाली खुर्ची, हे दोन नियम मी मोडत नाही. भिंतीच्या कोपऱ्यात अँप ठेवला की खालचे सूर आणखी फुगतात, हेही त्याच रात्री कळलं.

१५ इंची स्पीकरचा विषय निघालाच आहे तर अँपेगबद्दल थोडं. हे नावच डबल बासमधून आलंय: १९४० च्या दशकात एव्हरेट हल यांनी बासच्या त्याच टोकाच्या दांड्यावर, म्हणजे पेगवर, मायक्रोफोन बसवला, तो अँप्लिफाइड पेग, म्हणून अँपेग. १९६० साली आलेला त्यांचा बी-१५ आजही ऐकून मन भरतं. स्टुडिओत कुणाचा असेल तर जरूर वाजवा. विकत घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढवू नका.

चौथा पर्याय दुकानदार सांगत नाही: अँप घेऊच नका. चांगला प्रीअँप घ्या, १० मेगओमच्या जवळ जाणारा इनपुट, फेजचं बटण, हाय-पास आणि एखादा नॉच फिल्टर (एकच बेफाम सूर कापणारा) असलेला. त्याच्या डीआय आउटपुटमधून, म्हणजे मिक्सरला थेट जोडायच्या तोंडातून, सरळ हॉलच्या साउंड सिस्टीमला जा. मुंबई-पुण्यात वाजवायला मिळणाऱ्या बऱ्याच जागी पीए, म्हणजे हॉलची साउंड सिस्टीम, असतो, अँप लागतो तो फक्त आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून, आणि ते काम मॉनिटरही करतो. साउंडवाल्याला मात्र आधीच सांगा, "सबमध्ये (खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरमध्ये) थोडाच सोडा." न सांगितल्यास तो प्रेमाने पूर्ण सोडतो.

मला एकच खरेदी करू दिली तर मी प्रीअँप घेईन, आणि पैसे साठले की त्याच्यापुढे डबल फोर. तुमचा ड्रमर काठ्यांनीच वाजवत असेल तर पैसे साठवत राहून काँट्राकडे जा. गजाने बरंच वाजवत असाल तर काहीही निवडा, पण वरचे सूर, साधारण ३ किलोहर्ट्झच्या पुढचे, कापता येतात का ते बघा, कारण पिएझोवर गज फार खरखरतो.

आणि अँप तपासायला जाताना आपलाच बास न्या. पाच फुटांवर उभे राहा, मंचावर लागेल तेवढा आवाज ठेवा, मोकळी जी छेडा आणि तार हाताने थांबवा. तरीही सूर फुगत राहिला तर फेजचं बटण दाबून पुन्हा छेडा. दोन्ही वेळा फुगला तर दुकानदाराला नमस्कार करून बाहेर पडा.