कॅराव्हॅन घेताय? आधी चासीवरचा रंग खरवडा

मी बावळट नाही, हे आधीच सांगतो. इथे ऑस्ट्रेलियात कॅराव्हॅन (मोटारीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेताना पीपीएसआरवर, म्हणजे कर्ज-बोजाच्या सरकारी नोंदवहीत, 2 डॉलर भरून पाटीवरचा नंबर तपासला होता. कर्ज नाही, चोरीची नोंद नाही. रेगोचा (नोंदणीचा) कागद पाहिला, विकणाऱ्याच्या लायसन्सचा फोटो काढला. माणसाने आणखी काय करायचं? तरी 23,500 डॉलरला चुना लागला. 500 रोख, 23,000 बँकेतून. (रोख देऊच नका. त्या 500 चा तर पुरावाही नाही.)

आईबाबा पुण्याहून आले होते. त्यांना घेऊन मेलबर्नहून मिल्ड्युरा, वेंटवर्थला मरे-डार्लिंगचा संगम, मग ब्रोकन हिल, विल्कॅनिया, कोबार असा बेत होता. सिल्व्हर सिटी हायवेवर एक चाक तापायला लागलं. ब्रोकन हिलच्या मेकॅनिकने 385 डॉलर घेऊन बेअरिंग बदललं आणि उठता उठता विचारलं, "या पाटीचे रिव्हेट कुणी बदलले?"

पाटी म्हणजे ड्रॉबारवरची (मोटारीला जोडायच्या पुढच्या दांड्यावरची) नंबराची पाटी. तिचे चार रिव्हेट. सगळ्या ड्रॉबारवर गंज आणि लाल धूळ, आणि हे चार लखलखीत. बाजूचा काळा रंग ताजा. त्याने तो खरवडला तर खाली चासीवर ठोकलेला नंबर वेगळाच! तो टाकून पुन्हा 2 डॉलर भरले आणि सातबाऱ्यावर निघावा तसा फायनान्स कंपनीचा बोजा निघाला. बाकी 16,870 डॉलर. पाटी भलत्याच गाडीची.

संताप याचा की ते रिव्हेट मी घेतानाच पाहिले होते. बोटाला काळा रंगसुद्धा लागला होता! "दगड उडून रंग जातो, परवाच मारला," विकणारा म्हणाला. त्याच्या बायकोने चहा आणून दिला. राहत्या घरी, भरदिवसा, चहा पीत व्यवहार. संशय कुणाला येईल? ते घर आठवड्याच्या भाड्याचं निघालं. लायसन्सवरचा पत्ता आणि समोरचं घर जुळतंय का, एवढं तरी बघा.

बँकेला फोन लावला तर शाखा बंद. ब्रोकन हिलचं घड्याळ ॲडलेडच्या वेळेवर, बाकी न्यू साउथ वेल्सच्या अर्धा तास मागे. दुसऱ्या दिवशी उत्तर मिळालं, "ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलं." ब्रोकन हिलचे पोलीस म्हणाले, खरेदी व्हिक्टोरियातली, तिकडे जा. तिकडचे म्हणाले, हा दिवाणी मामला. खोटी पाटी ठोकणं दिवाणी कधीपासून झालं? ग्राहक खात्याने खाजगी विक्री म्हणून हात झटकले. ऑनलाइन तक्रार केली, तिचा नंबर आला, पुढे काहीच नाही. विमावाल्यांना तर आयतं निमित्त मिळालं: नंबर जुळत नाही. प्रत्येकाचं "आय अंडरस्टँड युअर फ्रस्ट्रेशन" मात्र तोंडपाठ!

पाटीवरचा नंबर आणि चासीवर ठोकलेला नंबर, दोन्हींचे स्वतः फोटो काढा. ताजा रंग दिसला की तिथूनच परत फिरा.

फायनान्स कंपनी गाडी उचलून घेऊन गेली. आता टोइंगचे 640 डॉलर माझ्याकडे मागतायत. मी एक छदाम देणार नाही.