सूर्य विझवायचा, पाट अडवायचा की डोल्या पाठवायच्या?

माझ्या पहिल्या कॅम्पेनचा व्हिलन सूर्य विझवणार होता. (कॅम्पेन म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स या खेळातली अनेक बैठका चालणारी गोष्ट; टेबलाभोवती बसून प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत ती पुढे न्यायची.) जळगावचा मे महिना, रात्रीचे नऊ वाजले तरी गच्चीची फरशी तापलेलीच. मी आवाज जड करून सांगितलं, की काळा मांत्रिक सात मणी जमवून सूर्य गिळणार आहे. आमचा बुटका योद्धा शेव खाता खाता म्हणाला, "गिळू दे ना भो, जरा गार तरी होईल." सगळे खिदळले. मग जादूगारीण खेळणारीनं नेमकं विचारलं, "सूर्य गेल्यावर तो स्वतः खाणार काय?" मला उत्तर सुचलं नाही. तिसऱ्या सेशननंतर ते कॅम्पेन बसलं ते बसलंच.

तेव्हापासून मी तीन तऱ्हेची कारस्थानं टेबलावर चालवून पाहिली. पहिल्यांदाच डीएम, म्हणजे गोष्ट सांगून खेळ चालवणारा, होणाऱ्यानं कुठलं उचलावं, हे लोक विचारतात म्हणून हे लिहितोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. व्हिलन किती क्रूर आहे यावर खेळाडूंचा विश्वास बसत नाही. त्याच्या कामाला गावातली चार बरी माणसं का लागली, हे पटलं की बसतो.

सूर्य विझवणं, म्हणजे जगबुडीचा प्रकार, तयारीला सर्वांत सोपा. धोका एका वाक्यात सांगता येतो, तलवार कुणावर चालवायची याचा वाद होत नाही. १९७४ साली डन्जन्स अँड ड्रॅगन्स आलं तेव्हाचा खेळ मुख्यतः भुयारात उतरून खजिना आणण्याचा होता. राक्षस खोलीत बसून असायचा, त्याला योजना असण्याची गरजच नव्हती. एका रात्रीचा खेळ असेल तर आजही तेवढं पुरतं. पण कॅम्पेन लांबलं की जगबुडी पातळ होते, कारण तिच्यात कुणाचाच फायदा नाही. मांत्रिकाला तेल पुरवणारा तेली, त्याच्या घोड्यांना चारा टाकणारा पोरगा, हे लोक उद्या मरणारच असतील तर आज कामावर का येतात?

दुसरा प्रकार पाण्याचा. माझा आवडता, त्यामुळे जरा लांबण लागेल.

धुळ्याकडच्या वाचकांना पांझरेवरची फड पद्धत माहीत असेल. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात त्या हंगामाला एकच पीक, आणि पाणी पाळीनं. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या; माणसं गावानं नेमलेली. शेकडो वर्षं ही व्यवस्था चालली ती गावाचा एकमेकांवर भरवसा होता म्हणून. व्हिलनला यापेक्षा चांगली जागा कुठली?

माझी व्हिलन म्हणजे गढीवरची बाई. पुरात बंधारा फुटतो, गावाकडे पैसा नाही. ती स्वतःच्या पैशानं बांधून देते. अट एकच, पाटकरी माझा. पहिल्या वर्षी पाणी पूर्वीपेक्षा वेळेवर येतं, लोक तिला ओवाळतात. दुसऱ्या वर्षी शेवटच्या फडाला पाळी चुकते. तिसऱ्या वर्षी तिथले शेतकरी जमीन विकायला काढतात आणि ती बऱ्यापैकी भावानं घेते. त्या कोरड्या फडाखाली नागराजाची समाधी आहे. समाधीचं दार फक्त जमिनीच्या मालकाच्या हातानं उघडतं, आणि जमीन हिसकावून घेतली असेल तर उघडतच नाही. म्हणून हा सगळा तीन वर्षांचा उद्योग. हा जादूचा नियम आधी ठरवा, बाकीचं कारस्थान त्यातून आपोआप निघतं. जबरदस्तीनं भागत असतं तर तिनं फौजच पाठवली असती.

आमच्या टेबलावर पार्टीनं, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या टोळीनं, पाटकऱ्याला रात्री पकडलं. हातात फावडं, चारीच्या तोंडाशी चिखलाचा बांध घालत होता. योद्ध्यानं तलवार उपसली. मी पाटकऱ्याच्या तोंडून एवढंच बोललो, "बंधारा वाहून गेला तेव्हा तुम्ही कुठं होता?" मागून एक म्हातारा कंदील घेऊन येतो आणि अहिराणीत ओरडतो, "मना गहू जळी राह्यना, माले पानी पाहिजे!" आता मारायचं कुणाला? फासा कुणीच उचलला नाही. वेफर्सची पिशवीसुद्धा वाजली नाही.

याचा त्रास असा, की हिशेब ठेवावा लागतो. मी वहीत एक गोल काढून त्याचे सहा भाग करतो. पार्टीनं बाईला अडवलं नाही की सेशन संपल्यावर एक भाग रंगवायचा. सहावा रंगला की दार उघडतं. पार्टी तिकडं फिरकलीच नाही तरी बाईचं काम थांबत नाही. मारामारीसाठीच येणारे खेळाडू मात्र चौथ्या सेशनला जांभया देतात. आमच्यातला एक गेलाच.

तिसरा प्रकार डोल्यांचा, आणि तो जुन्या खानदेशातलाच. असीरगड आज मध्य प्रदेशात, बुऱ्हाणपूरच्या उत्तरेला आहे. तो आसा अहीर या धनाढ्य गवळ्याच्या ताब्यात होता. नासिर खान फारुकी १३९९ मध्ये खानदेशच्या गादीवर आला. हकिकत अशी, की त्यानं आसाला निरोप धाडला, शत्रू चालून येताहेत, माझ्या बायकामुलांना गडावर आसरा दे. पहिल्या दिवशी आलेल्या डोल्यांत खरोखरच बायका होत्या. आसाच्या घरच्या बायका त्यांना जाऊन भेटल्या. दुसऱ्या दिवशी दोनशे डोल्या आल्या. आसा मुलांसह स्वागताला पुढे आला, आणि डोल्यांतून हत्यारबंद शिपाई उतरले.

सगळी मेख पहिल्या दिवसात आहे. नवे डीएम थेट दोनशे डोल्या पाठवतात आणि खेळाडू वेशीवरच म्हणतात, "पडदे उघडा." आधीचा हप्ता खरा द्या. आणि दुसऱ्या दिवसासाठी खुणा पेरून ठेवा, नाहीतर टेबल तुम्हालाच लबाड म्हणेल. मी तीन पेरतो. भोई सारखे खांदे बदलतात. एवढ्या लवाजम्यात एकही पोर रडत नाही. पाणी नेऊन दिलं तर पडद्याआडून येणारा हात फार रुंद असतो. तिसरी खूण आमच्या जादूगारिणीनं पकडली, तोवर नव्वद डोल्या आत गेल्या होत्या. ही युक्ती एका गटावर एकदाच चालते. पुढे ते प्रत्येक बैलगाडीत भाला खुपसून बघतात.

(याच गडावर १६०१ च्या जानेवारीत अकबराचं निशाण चढलं. आतल्या माणसांना सोनं चारून दरवाजे उघडवले असं एक वर्णन आहे. लाचेचं कारस्थान मात्र मला टेबलावर कधी रंगवता आलेलं नाही, सगळं पडद्यामागे घडतं.)

तर निवड अशी. महिन्यातून एकदा जमत असाल आणि चार-पाच बैठकांत आटपायचं असेल, तर डोल्या. दर रविवारी तीच चार टाळकी येत असतील आणि त्यांना गावातल्या माणसांशी बोलायला आवडत असेल, तर पाणी, डोळे मिटून. खेळाडू शाळकरी असतील किंवा फासे पहिल्यांदाच हातात घेत असतील, तर खुशाल सूर्य विझवा. फक्त मे महिना टाळा.

मी माझा काळा मांत्रिक टाकून दिलेला नाही. सध्या तो गढीवरच्या बाईकडे कारकुनी करतो, पाटाच्या वह्या त्याच्याच हातच्या. पाच मणी जमलेत त्याचे. पार्टी दर आठवड्याला त्याच्याकडूनच पावती घेते.