लहान कुत्र्यांचा डेंटल किट, होळी ते दिवाळी वापरून: पेस्ट उत्तम, ब्रश नापास

मार्चमध्ये मी या किटला पाच स्टार दिले होते. आज ते तीन करते आहे, आणि दोन्ही स्टार एकट्या ब्रशमुळे गेलेत. किटमध्ये काय येतं ते तुम्हाला माहीत असेलच: चिकन फ्लेवरची एन्झाइमवाली पेस्ट, दोन तोंडांचा ब्रश, बोटात घालायच्या सिलिकॉनच्या टोप्या. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण दादरच्या दुकानात चौकशी केली तेव्हा वेगवेगळ्या नावांच्या खोक्यांत मला हाच ब्रश दिसला.

आमचा चिकू पॉमेरेनियन, पाच वर्षांचा, जेमतेम चार किलोचा. पेस्ट त्याला पहिल्या दिवसापासून आवडली. आधी नुसती बोटावर चाटवली, मग बोट हिरडीवरून फिरवलं, मग टोपी, मग ब्रश. घाई केली नाही, त्यामुळे तो कधी गुरगुरला नाही. तोंडाचा वास महिन्याभरात कमी झाला. सासूबाई शाकाहारी आहेत, म्हणून हे सगळं सामान गॅलरीतल्या वेगळ्या डब्यात ठेवतो. एवढी सोय सोडली तर घरात कुणाला काही त्रास नाही. जुलैच्या दमट हवेत सिलिकॉनच्या टोप्यांवर आतून काळे ठिपके धरले, त्या टाकून दिल्या. त्यांचं मला फार वाटलं नाही. टोपी दातावरून घसरत जाते, हिरडीच्या कडेत शिरत नाही.

श्रावणात रेबीजच्या लशीसाठी गेलो तेव्हा खरा प्रकार कळला. डॉक्टरांनी ओठ वर केला आणि म्हणाले, "ताई, पुढचे दात छान आहेत. आता हा मागचा बघा." वरच्या जबड्यातला चौथा प्रीमोलर, म्हणजे मागच्या बाजूचा तो सगळ्यात मोठा दात, पिवळट-तपकिरी कीटणाने अर्धा झाकला होता आणि वरची हिरडी लाल. दोन्ही बाजूंना तेच. त्या दाताजवळ गालातून लाळेची नळी उघडते, म्हणून कीटण तिथे लवकर आणि जास्त धरतं, असं त्यांनी दाखवून सांगितलं. रोज रात्री न चुकता ब्रश होत होता, आणि ज्या दाताला सगळ्यात जास्त गरज त्यालाच ब्रश लागत नव्हता.

घरी आल्यावर पट्टी घेऊन ब्रश मोजला. मोठं तोंड अडीच सेंटिमीटर लांब, छोटं जवळपास दोन. पण लांबीपेक्षा जाडी घातक. प्लास्टिकची पाठ आणि केस धरून छोटं तोंडही दीड सेंटिमीटर जाड भरतं. चार किलोच्या कुत्र्याचा गाल आणि मागचा दात यांच्यात एवढी जागाच नसते. ब्रश सुळ्याच्या थोडा मागे जाऊन अडकतो, पुढे रेटला की गाल ताणतो आणि कुत्रा मान फिरवतो. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत 'टॉय ब्रीडसाठी' लिहिलंय. ते लिहिणाऱ्याने हा ब्रश एकदा तरी एखाद्या पॉमच्या तोंडात घालून बघायला हवा होता.

कस्टमर केअरला फोटो आणि मापं पाठवली. उत्तर आलं की साइज स्टँडर्ड आहे आणि उघडलेली वस्तू परत घेता येत नाही. पैसे मागितलेच नव्हते, लहान ब्रश मागितला होता. पुन्हा लिहिलं, तर दहा टक्के सवलतीचं कूपन आलं, त्याच किटवर.

मी हे इतकं लावून धरते आहे त्याला कारण आहे. मोठ्या कुत्र्याला असतात तेवढेच ४२ दात या एवढ्याशा तोंडात दाटीने बसलेले असतात. लहान जातींत दाताची मुळं जबड्याच्या मानाने मोठी असतात, हाड पातळ. हिरडीचा आजार खोल गेला तर खालचा जबडा साध्या धक्क्यानेही मोडू शकतो. आणि दातावरचा चिकट थर दोन-तीन दिवसांत कडक होतो. एकदा कीटण झालं की कुठलीही पेस्ट ते काढत नाही. खोक्यावर 'टार्टर काढते' लिहिलंय, तेही खोटंच. पेस्टचं काम थर धरू न देणं एवढंच, आणि ते ती चांगलं करते.

स्केलिंग, म्हणजे कीटण खरवडून काढणं, करावं लागलं. भूल देऊन, आधी रक्ततपासणी, एक्स-रे, शेवटी पॉलिश. आठ-नऊ हजार गेले. एका ग्रूमिंगवाल्याने भूल न देता दीड हजारात करतो म्हटलं होतं. डॉक्टरांनी साफ नको सांगितलं. जागा कुत्रा हिरडीखाली हत्यार घालू देत नाही, आणि आजार असतो तिथेच. वरवर खरवडून दात पांढरा दिसतो, मालक निश्चिंत होतो, आत सगळं तसंच राहतं. हे पैसे खर्च केल्याचं मला दुःख नाही. पण हाताशी योग्य ब्रश असता तर ही वेळ इतक्या लवकर आली नसती, हे मनातून जात नाही.

आता वापरते तो ब्रश औषधाच्या दुकानातला, दोन वर्षांखालच्या बाळांचा, अगदी मऊ केसांचा, चाळीस रुपयांचा. जाडी एक सेंटिमीटरच्या आत. तोंड उघडायचं नाही. जबडा मिटलेला ठेवून ओठाचा कोपरा हलक्या हाताने मागे ओढायचा, ब्रश गालाच्या आतून सरकवायचा आणि केस हिरडीच्या कडेकडे तिरके धरायचे. बाहेरची बाजू झाली की पुरे, आतल्या बाजूचं बरंच काम जीभ करते. मागच्या मोठ्या दातापासून सुरुवात करायची, कारण कुत्र्याचा धीर सुरुवातीला जास्त असतो. दिवाळीआधी दाखवून आणलं, हिरडी गुलाबी आहे आणि त्या दातावर नवीन कीटण नाही.

पेस्ट मात्र कुत्र्याचीच हवी. आपली फेसाळते, त्यांना चूळ भरता येत नाही, सगळी पोटात जाते. त्यात फ्लोराइड असतं, आणि काहींत झायलिटॉल नावाचा साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ, जो कुत्र्यांना जिवावर बेतू शकतं. पाण्यात टाकायचं एक लिक्विड नमुना म्हणून आलं होतं, त्याने काही फरक दिसला नाही. तशी वस्तू घ्यायचीच असेल तर लेबलवर झायलिटॉल नाही ना ते आधी बघा, आणि व्हीओएचसीचा, म्हणजे प्राण्यांच्या दातांसाठीच्या वस्तू पारखणाऱ्या संस्थेचा, शिक्का आहे का तेही. या किटवर तो नाही.

किट ५५० ला पडतो. हीच पेस्ट सुटी ३०० च्या आसपास मिळते, फक्त ऑनलाइन पानावर ती खाली दडवलेली असते, दुकानात मागावी लागते. चार किलोच्या कुत्र्याला मुगाच्या दाण्याएवढी पुरते, त्यामुळे ट्यूब बरीच चालते. टोपण नीट पुसून लावा, नाहीतर तोंडाशी पेस्ट सुकून बसते आणि दाबताना वाया जाते. दहा किलोच्या वरचा कुत्रा असेल तर ब्रशही चालेल, शेजारच्या बीगलला तो व्यवस्थित पोचतो.