ग्राफ पेपर की रांगोळी? रोपं यायच्या आधी वाफ्याची आखणी

नर्सरीत ऑर्डर देऊन झाली असेल आणि पावसाच्या तोंडावर सोसायटीच्या कडेच्या पट्ट्यात जास्वंद, मोगरा, अनंत, तगर असं वर्षानुवर्षं राहणारं काही लावायचं असेल तर जागा आधी ठरवलेली बरी, त्याला दोन रस्ते, ग्राफ पेपरवर आखा नाहीतर थेट मातीवर रांगोळीने गोल काढा. मी दोन्ही केलंय.

कागद वाईट नाही हां. जास्वंदीला चार-पाच फूट, मोगऱ्याला अडीच-तीन असे गोल काढत गेलं की यादी आपोआप आखडते, आणि सेक्रेटरींना दाखवायला हातात काहीतरी असतं, नुसतं तोंडी सांगितलं की विषय पुढच्या मीटिंगवर.

मला खटकला तो चेंबर. बिल्डिंगच्या मागच्या पट्ट्यात तो बहुतेक असतोच, कागदावर दोन बाय दोनचा चौकोन काढला की वाटतं झालं काम. पण पावसाळ्याआधी सफाईवाले येतात, झाकण उचलून शेजारी टेकवतात, काढलेला गाळ बाजूला ओततात, दोघं जण बांबू घेऊन उभे राहतात, आणि हे सगळं नेमकं कागदावरच्या मोगऱ्याच्या डोक्यावर! रांगोळी घालताना आपण स्वतःच त्या झाकणावर पाय देऊन उभे असतो, त्यामुळे हे सांगायला कोणी लागत नाही.

उन्हाचं मात्र दोन्हीत फसायला होतं. मुंबईत मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, त्यामुळे बिल्डिंगच्या उत्तरेचा पट्टा मेमध्ये उन्हात न्हातो आणि डिसेंबरात सावलीत जातो. रांगोळी फक्त त्या दिवसाचं ऊन दाखवते, हा मुद्दा कागदाच्या बाजूने धरा, तिथे हिवाळ्यातली सावली पेन्सिलने मारून ठेवता येते.

रांगोळीला खर्च काही नाही, खुंटीला अडीच फुटाची सुतळी बांधून फिरवली की जास्वंदीचा पाच फुटांचा गोल तयार. मांजरं त्यात लोळतात, येणारे-जाणारे कसली पूजा आहे विचारतात, तेवढं चालवून घ्यायचं. रोपं किती मागवायची हेच अजून ठरलं नसेल तर कागद घ्या, नाहीतर माझ्या मते सरळ रांगोळीच, शक्यतो कोरड्या मातीवर.

आणि चेंबरजवळ काही हवंच असेल तर कुंडी ठेवा, सफाईच्या दिवशी उचलता येते.